अक्काच्या उरलेल्या गोळ्या : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र पाठवण्याआधी दुकानात दोघातिघांना वाचून दाखवलं. सगळ्यांनी एकच विचारलं : गोळ्यांचं गाऱ्हाणं आरोग्यमंत्र्यांकडे न्यायचं, अर्थमंत्र्यांकडे कशाला? त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. आपल्या देशात अफूची मालकी आरोग्य खात्याकडे नाही. अफू पिकवायचा पट्टा देणारा ग्वाल्हेरचा केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो आपला, अफूतून मॉर्फिन काढणारे नीमच आणि गाझीपूरचे सरकारी कारखाने आपले, आणि 1985 चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, चालवणारा महसूल विभागही आपलाच. म्हणून हा अर्ज आपल्या दारात.

मी सोलापूरच्या पूर्व भागात सव्वीस वर्षं मेडिकलचं दुकान चालवतो. शेड्यूल एच-वनचं, म्हणजे नोंद करूनच विकायच्या औषधांचं, रजिस्टर रोज रात्री स्वतः भरतो. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध, नग. तीन वर्षं जपून ठेवायचं असतं, मी पाच वर्षांची ठेवलेली आहेत. ट्रॅमाडॉल हे वेदनेचं औषध 2018 साली एनडीपीएसखाली आलं तेव्हा हातातला साठा मोजून कागद केला होता. हे सांगायचं कारण एवढंच की अफूपासून किंवा तिच्या भाऊबंदांपासून बनणाऱ्या औषधांवर नजर ठेवलीच पाहिजे, असं मानणाऱ्यांतला मी आहे. खोकल्याच्या सिरपसाठी रोज नवी चिठ्ठी घेऊन येणारी पोरं मी परत पाठवलेली आहेत. त्यातल्या एकाच्या आईने नंतर येऊन माझे हात धरले होते.

आता अक्काचं सांगतो.

माझी थोरली बहीण. चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, बाजूला तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की बोलताना ती खाली बघायचीसुद्धा नाही. दिवसाला हजार विड्या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला तेव्हा तो बराच पुढे गेला होता. रेडिएशनचे शेक झाले, सलाइनमधून औषधं झाली, सहा-सात महिने बरे गेले, आणि मग आजार मणक्यात उतरला.

हाडातला कॅन्सर घरात आलेला ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. तिला आडवं होता येईना. लोखंडी ट्रंकेवर उशी ठेवून, त्यावर डोकं टेकून ती बसल्या बसल्या रात्र काढायची. अंगावर आमच्याच इथल्या मागावरची मोराची चादर. कळ आली की त्या चादरीचा काठ ती मुठीत धरायची. चादर सोलापुरी, सहजी उसवणारी नव्हे. महिन्याभरात त्या काठाची वीण सुटली आणि सुतं लोंबायला लागली. ओरडायची नाही. शेजारच्या घरात नातवंडं झोपलेली असतात म्हणून.

मी औषधवाला. जे हाताशी होतं ते सगळं दिलं. पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक, मग ट्रॅमाडॉल. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्या आखून दिल्या आहेत, त्यातल्या पहिल्या दोन मी चढलो. तिसऱ्या पायरीवर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आहे. दहा मिलिग्रॅमची एक साधी गोळी. तिच्यासाठी मी 41 दिवस फिरलो. एका रुग्णालयात सांगितलं, आमच्याकडे इंजेक्शन आहे, ते ऑपरेशनपुरतं. गोळी ठेवत नाही. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर चांगले होते, त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि खालच्या आवाजात म्हणाले, मिळाली तर मलाही कळवा. तिसरीकडे फार्मासिस्ट माझ्याच वयाचा. तो म्हणाला, "साहेब, एक गोळी हिशेबात कमी पडली तर दहा वर्षांचं कलम. कोण ठेवणार?" मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, आणि खरं तर सव्वीस वर्षं म्हणतच आलो.

शेवटी ती गोळी दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत मिळाली. तिथल्या डॉक्टरांनी कागद तपासले, माझी सही घेतली आणि दोन आठवड्यांच्या 84 गोळ्या मोजून हातात ठेवल्या. दर चार तासांनी एक, रात्री झोपताना दोन म्हणजे मधे उठावं लागत नाही. सोबत पोट साफ राहायचं औषध, कारण मॉर्फिनने हमखास धरतं.

पहिल्याच रात्री अक्का आडवी झोपली. सकाळी उठून म्हणाली, केसांत गाठी झाल्यात, जरा तेल लाव रे. माझ्या बायकोने तिचे केस विंचरले. दुपारी तिने सूप मागितलं. आम्ही नको म्हणालो, पण तिने ऐकलं नाही. अकरा विड्या वळल्या, ओळीने लावल्या आणि सूप परत दिलं. पुढे ती एकोणीस दिवस होती. शेवटच्या दोन दिवसांत बोलणं थांबलं, पण मूठ उघडी होती.

एकोणीस दिवस ज्या गोळीने दिले ती तिला 41 दिवस का मिळाली नाही? या प्रश्नाचा माग काढत मी गेलं वर्षभर वाचत बसलो. तो माग सोलापुरातून निघाला आणि नीमच, पेकिंग, वॉशिंग्टन, व्हिएन्ना असा फिरून पुन्हा आपल्या दारात आला.

माझी समजूत अशी होती की अफूचे नियम आपल्याकडच्या नशाबाजीकडे बघून केले असतील. वाचल्यावर दिसलं की अफूबाबत या देशातला जवळजवळ प्रत्येक मोठा निर्णय परदेशातल्या कुणाकडे तरी बघून झाला. कंपनी सरकारने माळव्याच्या संस्थानांशी अफूचे करार केले ते चीनला जाणाऱ्या मालाच्या भावासाठी. 1843 साली सिंध इंग्रजांकडे गेला, कराचीची वाट बंद झाली आणि माळव्याची अफू कर भरून मुंबईच्या बंदरातूनच जायला लागली. पुढे चीनच्या तक्रारीला आणि विलायतेतल्या लोकमताला मान देऊन 1907 साली ठरलं की चीनला जाणारी अफू दरवर्षी दहावा हिस्सा कमी करायची. 1912 चा हेगचा करार, 1925 चा जिनिव्हाचा, मग 1961 चा अमली पदार्थांवरचा एकल करार. पेरा सरकारी परवान्यानेच व्हावा आणि काढणी संपल्यावर चार महिन्यांच्या आत सगळी अफू सरकारने ताब्यात घ्यावी, हे बंधन त्या करारातलं.

यातलं बरंचसं योग्यच झालं. चीनमधल्या माणसांना अफू पाजून इथल्या तिजोऱ्या भरत होत्या, ते थांबलं हे चांगलंच. इथल्या माणसांनाही अफूने कमी छळलेलं नाही. माझी आजी जुन्या गिरणीत कामाला होती. ती सांगायची की पाळीला जाताना बाया तान्ह्या पोराला बाळगोळी चाटवायच्या, म्हणजे अफूचा कण, की भोंगा होईपर्यंत पोर झोपून राहील. काही पोरं उठलीच नाहीत. आणि हे गाव नशेच्या उत्पन्नाविरुद्ध उभं राहिलेलं गाव आहे. 1930 च्या मे महिन्यात रूपाभवानीकडे शिंदीची झाडं तोडायला लोक निघाले, गोळीबार झाला, शहरावर मार्शल लॉ आला. चार पुतळ्याला आपण कधी आलात तर ते चौघे दिसतील : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या गावातून अफूबद्दल लिहिताना मला जबाबदारीने लिहिणं भाग आहे.

पण जगाशी केलेल्या या करारांना दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे आपल्या विभागाने फारसं बघितलेलं नाही. 1961 च्या कराराच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की वेदना कमी करण्यासाठी या औषधांना पर्याय नाही आणि ती पुरेशी मिळतील अशी तजवीज झाली पाहिजे. म्हणजे गळती रोखणं आणि रुग्णापर्यंत पोचवणं ही दोन्ही वचनं आपण एकाच सहीने दिली. व्हिएन्नात बसणारं आंतरराष्ट्रीय नार्कोटिक्स नियंत्रण मंडळ आपल्याला दोन्हींबद्दल विचारतं. आपण पहिल्याचं उत्तर ग्रॅम-ग्रॅमपर्यंत देतो.

ते कसं देतो हेही वाचलं, आणि मालवा-मेवाडच्या शेतकऱ्याबद्दल आदर वाटला. मंदसौर, नीमच, चित्तोडगड, प्रतापगड, उत्तर प्रदेशात बाराबंकी. एकेकाला पाच-दहा आरांचा पट्टा, आमच्या भाषेत पाच-दहा गुंठे. बोंडाला चीर द्यायची, दुसऱ्या दिवशी पहाटे चीक खरवडून घ्यायचा, रोजचं वजन गावच्या लंबरदाराच्या, म्हणजे मुकादमाच्या, वहीत लिहायचं, एप्रिलमध्ये तोलावर नेऊन सरकारला घालायचा. चिकात मॉर्फिन ठरल्यापेक्षा कमी भरलं तर पुढच्या वर्षीचा पट्टा धोक्यात. एक लाखाच्या आसपास कुटुंबं या शिस्तीत राहतात. कायद्याने चीक गोळा करून परदेशी विकणारा भारत हा जगातला एकमेव देश आहे.

आणि ही अफू जाते कुठे? अमेरिकेने 1981 साली नियम केला की आपल्याला लागणाऱ्या अफूजन्य कच्च्या मालापैकी किमान 80 टक्के भारत आणि तुर्कस्तानकडूनच घ्यायचा. पारंपरिक उत्पादकांना बाजार टिकवून द्यायचा म्हणजे माल चोरवाटेने जाणार नाही, असा त्यामागचा विचार. तुर्कस्तानने तर त्याआधी 1971 साली अमेरिकेच्या दबावाखाली पेराच बंद करायचा निर्णय घेतला होता. शेतकरी खवळले, 1974 साली पेरा पुन्हा सुरू झाला, पण बोंडाला चीर न देता सबंध बोंड कारखान्यात नेण्याच्या अटीवर. आपली मुत्सद्देगिरी या बाबतीत वाईट झालेली नाही. आपण चीक काढायची परवानगी टिकवली, गिऱ्हाईक टिकवलं, नाव टिकवलं. फक्त या सगळ्या वाटाघाटींत भारतातला रुग्ण हा पक्षकार कधी नव्हता.

तो नव्हता म्हणून काय झालं ते 1985 च्या कायद्याने दाखवलं. शिक्षा कडक, बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षं. हिशेबातली चूकही तस्करी धरली जाईल ही भीती बसली. रुग्णालयाला मॉर्फिन आणायचं तर राज्यागणिक वेगळे, चार-पाच परवाने. एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. औषध कंपन्यांनी, रुग्णालयांनी, दुकानदारांनी नाद सोडला. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर 97 टक्क्यांनी घसरला. 1997 साली अख्ख्या देशात 18 किलो मॉर्फिन वापरलं गेलं. नव्वद कोटींच्या वर लोकसंख्येचा देश, आणि 18 किलो. माझ्या दुकानात याहून जास्त वजनाचे ग्लुकोजचे डबे असतात.

आपल्या आधीच्यांनी ही चूक ओळखली, हेही प्रामाणिकपणे लिहितो. फेब्रुवारी 2014 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरवली, 2015 साली देशभर एकच नियम आला, चार-पाच परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर, कुलपाचं कपाट, नीट ठेवलेली नोंदवही, एवढं असलं की रुग्णालय मान्यताप्राप्त होऊ शकतं. कायदा बदलून दशक उलटलं. पण माझ्या अक्काला नकार देणाऱ्या तीनही ठिकाणी माणसं अजून 1985 मध्ये उभी होती. बदललेला नियम त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. भीती मात्र पोचलेली होती.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2017 साली हिशेब मांडला की वेदनेसाठी लागणाऱ्या अशा औषधांपैकी भारतात गरजेच्या जेमतेम 4 टक्के पोचतात. त्याच हिशेबात जगभर वर्षाला वाटल्या जाणाऱ्या 298.5 टनांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला 0.1 टन येतात. आपण गरीब देशांच्या त्या यादीत नाही, आपण पिकवणारे आहोत. ज्याच्या शेतात ऊस त्याच्या पोराने गुळासाठी रडावं, तसं हे झालं.

आता ज्या मुद्द्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहितोय तो. दरवर्षी प्रत्येक देशाने व्हिएन्नाच्या मंडळाला आपली पुढच्या वर्षाची वैद्यकीय गरज कळवायची असते. ही गरज काढायच्या तीन रीती त्या मंडळाने आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून सांगितल्या आहेत : मागे किती वापरलं त्यावरून, किती दवाखाने सेवा देतात त्यावरून, किंवा किती माणसं आजारी आहेत त्यावरून. मागच्या वापरावरून काढायची झाली तर सोलापूरची गरज कायम शून्याच्या जवळ राहणार. गोळी नव्हती म्हणून वापर नाही, वापर नाही म्हणून गरज नाही, गरज नाही म्हणून गोळी नाही. माझी अक्का या हिशेबात कुठेच लागत नाही. तिचे ते 41 दिवस देशाच्या आकड्यात शून्य मिलिग्रॅम आहेत.

तिसरी रीत, म्हणजे आजारी माणसं मोजायची, ती सोलापूर जिल्ह्यात करता येते. आमच्या बार्शीत 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली 346 गावं. कार्यकर्ते गावोगाव फिरून, पारावर बसून, बायकांना विश्वासात घेऊन कुणाला कसली गाठ आहे, कुणाला अंगावरून जातंय, याची नोंद करत आले. परदेशातले शास्त्रज्ञ ते आकडे वापरतात. किती बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो आणि त्यातल्या किती उशिरा येतात, हे बार्शीच्या कागदावर आहे. त्या कागदावरून किती गोळ्या लागतील हे एखादा हुशार कारकून दोन दिवसांत काढून देईल. सोलापूर जिल्ह्यापासून सुरुवात करा. गरजेचा आकडा तालुक्यातून वर येऊ द्या, मग तो व्हिएन्नाला कळवा. आपला शब्द तिथे आणखी वजनदार होईल, कारण त्यामागे मोजलेली माणसं असतील.

मला ठाऊक आहे की आपल्या विभागात कुणीतरी अमेरिकेकडे बोट दाखवील. तिथे या गोळ्यांनी लाखो माणसं गेली, हे खरं आहे. तिथे पाठदुखीला, दाढदुखीला, महिनोन्महिने, जाहिराती करून ही औषधं विकली गेली. आमचं मागणं मरणाच्या दारात असलेल्या माणसासाठी आहे, मोजून, नोंद करून, प्रशिक्षित डॉक्टरच्या हातून. ते जमतं हे केरळने दाखवलंय. कोझिकोडला 1993 पासून हे काम चालू आहे. तिथे दोन वर्षांत सतराशेहून जास्त रुग्णांना तोंडाने घ्यायचं मॉर्फिन घरी दिलं, गैरवापराचा प्रकार आढळला नाही, आणि तो अभ्यास 2001 साली लॅन्सेटमध्ये आला. उलट आमच्या जिल्ह्यात 2023 च्या ऑक्टोबरात औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी पकडलं ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर. रसायनांपासून बनतं, अफूच्या थेंबाशी त्याचा संबंध नाही. खरा धोका तिकडे वाढत असताना आमची सगळी सावधगिरी अक्काच्या गोळीवर खर्च झाली.

तेव्हा विनंती अशी. नीमच आणि गाझीपूरच्या मॉर्फिनमधून देशातल्या रुग्णांचा वाटा आधी बाजूला काढावा, मग खोकल्याच्या औषधात जाणाऱ्या कोडीनचा आणि निर्यातीचा विचार व्हावा. राज्य सरकारशी बोलून प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाला मान्यता मिळवून द्यावी. पंढरपूर, अक्कलकोट, करमाळ्याच्या माणसाने एसटीने दुसऱ्या शहरात जाऊ नये. आणि आपल्या सहीचं एक पानभर पत्रक काढावं, मराठीत, साध्या भाषेत : नियम बदलला आहे, नोंदवही नीट ठेवा, चूक झाली तर आधी चूक म्हणूनच तपासली जाईल, घाबरू नका. फार्मासिस्ट ते पत्रक कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवतील. मीही चिकटवीन. कायद्याच्या जाड पुस्तकाने जे झालं नाही ते अशा पानाने होतं, हा माझा काउंटरमागचा अनुभव आहे.

आणखी एक. दुसऱ्या वेळी आणलेल्या 84 गोळ्यांतल्या काही राहिल्या. एकूण 168 मिळाल्या, रोज सहाप्रमाणे एकोणीस दिवस, म्हणजे 114 गेल्या. उरलेल्या 54 मी मोजून, तारीख घालून, अक्काच्या नावाच्या पाकिटात बंद करून घरच्या कपाटात ठेवल्या आहेत, किल्ली माझ्याकडे असते. देणाऱ्या संस्थेने परत आणा म्हटलं होतं, पण गेलो तेव्हा परत घ्यायचं रजिस्टर कुणाकडे असतं हे तिथल्या माणसाला सांगता आलं नाही. इथल्या कार्यालयात विचारलं तर त्यांनी दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवलं. दुकानदार म्हणून मला त्या विकता येत नाहीत आणि विकायच्याही नाहीत. फेकवत नाहीत. आमच्या मागच्या गल्लीत एका विणकराच्या घरात सध्या अक्कासारखंच चाललंय, त्याची बायको दोनदा विचारून गेली, तिला देताही येत नाहीत. नाही म्हणून तिला परत पाठवलं त्या रात्री मी जेवलो नाही.

या 54 गोळ्या कुठे, कुणाकडे, कोणत्या पावतीवर जमा करायच्या, आणि त्या विणकराला त्याच्या हक्काच्या गोळ्या सोलापुरातच कुठे मिळतील, हे कृपा करून कळवावं. त्याच्याकडे फार दिवस नाहीत.

आपला,
सोलापूरच्या पूर्व भागातला एक औषध दुकानदार